अण्णा, आप्पांना आता शब्द कळतात

अण्णा,
स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे लिहून काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. घरात जुना रिसिव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायरचा डबा) धूळ खात पडलाय आणि शेजारी कॉम्प्युटर आहे, अशी घरं सोलापुरात कमी नसतील.

माझ्या वडिलांची, आप्पांची उमेदीची वर्षं पूर्व भागातल्या यंत्रमागांवर गेली हे तुम्हाला ठाऊक आहे. माग चालू असताना शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असतो, आणि त्या काळी कानात बोळे घालायची कुणाला सवय नव्हती. अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपासचं. स, श, फ, त ही अक्षरं तिथेच असतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे आप्पांना कळायचं, काय बोलतोय हे कळायचं नाही. सिनेमाचा आवाज वाढवावा तर मागचं संगीतही तेवढंच वाढणार. मग ते उठून गॅलरीत जाऊन बसायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पुण्याच्या मावसभावाने त्याचा जुना रिसिव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर आम्हाला दिला, तेव्हा एका दुकानात चौकशी केली. उत्तर मिळालं, "याला एचडीएमआय नाही. भंगारात घाला, नवा घ्या." तुम्ही मात्र सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या तोंडावर, गड्ड्याच्या जत्रेतल्या साउंडची कामं डोक्यावर असताना घरी आलात, रिसिव्हर उलटा फिरवलात, मागच्या बाजूवर बॅटरी मारलीत आणि म्हणालात, "सगळं आहे की यात." त्या एका वाक्याने मला किती धीर आला!

आधी तुम्ही तीन केबल जोडल्यात. कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाची हिरवी पिन पुढच्या दोन स्पीकरांना, काळी मागच्या दोघांना, नारिंगी सेंटर आणि सबवूफरला. एका बाजूला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी आरसीए टोकं, आणि ती सहा टोकं रिसिव्हरच्या मल्टिचॅनल इनपुटमध्ये. विंडोजच्या साउंडमध्ये ५.१ (म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर) निवडून एकेका स्पीकरची चाचणी लावलीत, तर सेंटरचा आवाज सबवूफरमधून घुमत आला. नारिंगी केबलची दोन टोकं तुम्ही अदलाबदल केलीत आणि मला सांगितलंत की केबल कुठलीही आणा, ही जोडी उलटी निघू शकते. म्हणून डोळ्यांवर नाही, चाचणीवर विश्वास ठेवायचा.

मग ती घरघर. पन्नास हर्ट्‌झचा तो सततचा गुं-गुं आवाज ऐकून मला वाटलं, रिसिव्हरच गेला. तुम्ही शांतपणे केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढलीत आणि आवाज बंद! टीव्ही रिसिव्हरला जोडलेला, केबलची वायर बाहेरून स्वतःचं अर्थिंग घेऊन आलेली, कॉम्प्युटरचं अर्थिंग वेगळं. दोन्हींत जरासा फरक पडला की केबलच्या जाळीतून वीज फिरते आणि स्पीकरमधून ऐकू येते. शेजारच्या पोराने सुचवलं, प्लगची मोठी पिन तोडून टाका, घरघर जाईल. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी इथे मुद्दाम लिहिते: अर्थिंगची पिन कधीही तोडायची नाही. घरघर जाईल, पण उद्या यंत्रात बिघाड झाला तर करंट माणसातून जाईल.

नंतर तुम्ही ऑप्टिकल केबल काढलीत. तिच्या टोकावरची इवलीशी पारदर्शक टोपी उपसून माझ्या हातात दिलीत, "जपून ठेवा, केबल काढली की परत लावायची." दुसरं टोक कार्डात खोचलं तेव्हा मोकळ्या टोकातून आलेला लाल ठिपका तुमच्या तळहातावर पडला. आप्पा पुढे वाकून बघत होते. या केबलीत तांब्याची तारच नाही, उजेडावर आवाज जातो, त्यामुळे अर्थिंगची भानगड इथे येतच नाही, हे तुम्ही त्यांना त्यांच्या कानाशी, सावकाश समजावलंत. जपानच्या तोशिबाने १९८३ साली ही जोडणी आणली, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण ऑप्टिकल लावल्यावर विंडोजमध्ये ५.१ चा पर्याय दिसेना, फक्त दोन चॅनल. इथे कुणीही "कार्ड बदला" म्हणालं असतं. तुम्ही कारण सांगितलंत: चॅनल म्हणजे चादरी समजा; या वाटेने सुट्ट्या चादरी दोनच जातात, सहा न्यायच्या तर गठ्ठा बांधावा लागतो. सिनेमाच्या फाइलमध्ये किंवा डीव्हीडीत डॉल्बी डिजिटलचा गठ्ठा आधीच बांधलेला असतो, तो कॉम्प्युटरने न सोडता तसाच पुढे द्यायचा आणि रिसिव्हरने सोडायचा. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एस/पीडीआयएफ पासथ्रू चालू केलंत, आणि रिसिव्हरच्या पट्टीवर पीसीएम (म्हणजे सुट्टा आवाज) जाऊन डॉल्बी डिजिटल उमटलं. कॉम्प्युटरवरची आवाजाची पट्टी आता चालणार नाही, आवाज रिसिव्हरवरूनच कमी-जास्त करायचा, हेही तेव्हाच सांगून ठेवलंत, नाहीतर मी घाबरलेच असते. गेमचा आवाज मात्र जागच्या जागी तयार होतो, त्याचा गठ्ठा बांधायला कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट लागतं. आमच्या कार्डात ते नाही, म्हणून भाच्यासाठी त्या तीन केबल तशाच ठेवल्यात. तो गेम खेळताना केबलवाल्याची वायर काढून ठेवतो.

आता खरी गोष्ट. सिनेमातले संवाद बहुतेक सेंटर स्पीकरमधून येतात. तुम्ही रिसिव्हरच्या मेनूमध्ये एकट्या सेंटरचा आवाज चार डेसिबलने चढवलात, सबवूफर उतरवलात आणि नाइट मोड लावलात, म्हणजे मारामारी आणि कुजबुज यांतलं अंतर कमी होतं. यूट्यूबवरच्या कीर्तनांना तर दोनच चॅनल असतात. तिथे प्रो लॉजिक लावलंत, की डाव्या-उजव्या दोन्हींत सारखं असलेलं बोलणं रिसिव्हर सेंटरकडे ढकलतो. आप्पांची खुर्ची तुम्ही स्वतः उचलून सेंटरच्या समोर ठेवलीत. पुढच्या एका स्पीकरची तार उलटी आहे का, हे पेन्सिल सेल लावून पाहिलंत: प्लसला प्लस लागला की स्पीकरचा पडदा बाहेर येतो. आत गेला, म्हणून तार फिरवलीत. एवढं कोण करतं, अण्णा?

गुडघ्यांमुळे आप्पांना आता संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत उभं राहता येत नाही. यंदा यात्रेतला, सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा त्यांनी घरीच, कॉम्प्युटरवरून पाहिला. संमतीचं वाचन सुरू झालं तसे ते ओठांनी सोबत म्हणू लागले. शब्द बरोबर जुळत होते. आईने माझ्याकडे पाहिलं, आम्ही दोघी काही बोललो नाही. हे तुमच्यामुळे झालं, आणि तुम्ही केबलच्या पैशांशिवाय एक रुपया घेतला नाहीत.

माझ्या नणंदेकडे अक्कलकोट रोडला अगदी असाच रिसिव्हर पडून आहे, तिचे सासरेही मागावरचेच. तुम्ही शिकवलेलं सगळं, केबलच्या रंगांसकट, तिला लिहून दिलंय. तरी अडलं तर ती तुम्हाला फोन करेल, तेवढा घ्या. आणि एखाद्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. आप्पांना तुमच्याशी बोलायचंय, आणि प्रो लॉजिकची कळ केव्हा दाबायची ते आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुमची,
आप्पांची मुलगी