भिंतीवरचा झेंडा

सातारा

प्रिय दिनू,

गणपती झाले की लिहितो म्हणालो होतो, आता शिमगा आला. शिव्या भेटल्यावर घाल. माझी साखर आहे तिथंच आहे, हिचे गुडघेही.

गावच्या शाळेच्या भिंतीवर वडूजच्या 'चले जाव' मोर्चाचं चित्र काढलंय. ९ सप्टेंबर १९४२. पुढं परशुराम घार्गे, हातात तिरंगा, समोर बंदुका. आप्पाच्या नातवाचा हात झकास आहे रे, पण झेंड्यावर काढलंय अशोकचक्र! चोवीसच्या चोवीस आरे. ते चक्र घटना समितीनं घेतलं २२ जुलै १९४७ ला. घार्गे पडले ते चरख्याच्या झेंड्याखाली. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतात, रिटायर माणसाला उद्योग नाही.

शाळेच्या कमिटीत विषय काढला. तिथला आपला बापू म्हणाला, "चरखा काढला तर पक्षाचा प्रचार म्हणतील, आणि पोरं म्हणतील झेंडाच चुकला." मला तिथं उत्तर सुचेना. रात्री झोप नाही, कारण बापू अगदीच खोटं बोलला नाही. १९३१ ला तो झेंडा ठरवला काँग्रेसनंच. पण त्याच्यामागं चाललेल्या खटाव तालुक्यातल्या माणसांपैकी किती जणांनी काँग्रेसच्या सभासदत्वाची चार आण्याची पावती फाडली होती? हे घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

वर बापूचं ज्ञान: हिरवा म्हणजे ऊस! राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ माती आणि झाडंझुडपं असा सांगितला होता, त्यामुळं तोंडावर हसताही येईना. पण आपल्या दुष्काळी खटावात ऊस कधीपासून?

झेंड्यावरचा चरखा हटवला म्हणजे गांधींनाच हटवलं, म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस, आठवतं? नेहरूंनी घटना समितीत सांगितलेलं कारण सरळ होतं. चरख्याचं चाक एका टोकाला, सूत गुंडाळणारी चाती दुसऱ्या. झेंडा मागून बघितला की चित्र फिरतं. म्हणून नुसतं चाक ठेवलं. गांधीजी नाराज झाले हे मान्य, पण तू त्यांच्यापेक्षा जास्त दिवस नाराज राहिलास.

तीच अडचण आता भिंतीवर आलीय. मोर्चा उजवीकडं चाललाय, कापड मागं उडतंय, म्हणजे आपल्याला झेंड्याची मागची बाजू दिसणार. मग चरखा उलटा काढायचा का? पोरगं मोबाईलवर बघून पेटीचरखा काढतोय, लांबून सुटकेस दिसते. तू ड्रॉइंगचा मास्तर, टकळीच्या तासालाही सूत तुझंच न तुटणारं. उभा चरखा दोन्ही बाजूंनी काढून पाठव, चाती फिरवणाऱ्या माळेसकट.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? नातीची बारावी? विश्रामबागची जागा एवढ्यात विकू नकोस, पूर विसरला की भाव चढतो.

बैठक पाडव्यानंतर आहे. कागद त्याआधी पोचव, कुरिअरनं. आणि एसटीत कुणाच्या हाती देऊ नकोस, मागच्या वेळचा भडंगाचा पुडा अजून यायचाय.

तुझा,
वसंता