तारीख सोड, दादाला फोन कर

प्रिय विनय,

सलाम. तुझा मेसेज दोनतीनदा वाचला आणि वाटलं की याला मेसेजमध्येच उत्तर देण्यात काही अर्थ नाही, म्हणून नीट बसून लिहितोय. लांबेल, आधीच सांगतो, तुला माहितीये मी सुरू झालो की थांबत नाही.

तू लिहिलंयस की हल्ली रात्र रात्र ते शेवटच्या काळाचे व्हिडिओ बघतोस, कुठलं युद्ध कुठल्या अध्यायात बसतं, प्रकटीकरणातला कुठला शिक्का फुटला, ग्रहण कधी, आणि मग झोप येत नाही आणि सारखं वाटतं की प्रभू येशू परत येईल तेव्हा सगळे वर उचलले जातील आणि मी एकटाच मागे राहीन. आणि सगळ्यात शेवटी घाईघाईत टाकलेली एक ओळ, "मी तयार आहे की नाही हे मला कसं कळणार?" बाकी सगळं सोड, मला या ओळीबद्दल बोलायचंय. खरा प्रश्न हाच आहे.

पण आधी त्याच्या येण्याच्या तारखेचं आटपून टाकू, नाहीतर ते मध्ये मध्ये येत राहणार. मत्तय २४:३६ तुला पाठच आहे, तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. आता जे पुत्राने स्वतः मला ठाऊक नाही म्हणून सांगितलं ते एका चॅनलवाल्या भाऊंना ठाऊक आहे म्हणजे कमालच झाली ना. आणि हे आजचं नाही रे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, माणूस प्रामाणिक होता, दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांचा हिशोब करत वर्षानुवर्षं बसला, आणि शेवटी त्याच्या लोकांत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. कित्येकांनी त्या वर्षी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, कशाला काढायचं? रात्र सरली, २३ तारीख उजाडली, आणि मग जे रडणं झालं ते झालं. मला त्या लोकांची थट्टा करवत नाही, त्यांची ओढ खरी होती, फक्त ती ओढ कॅलेंडरवर नेऊन टांगली. पण दक्षिण कोरियातल्या दामी मिशनचं मात्र वेगळं. त्यांनी २८ ऑक्टोबर १९९२ची मध्यरात्र सांगितली होती, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, पैसे आणून दिले, आणि नंतर कोर्टात काय निघालं तर पास्टरसाहेबांनी त्याच पैशातून बाँड घेऊन ठेवलेले, ज्यांची मुदत पुढच्या वर्षी संपणार होती! म्हणजे स्वतःला २९ तारखेची पूर्ण खात्री. असो.

पण म्हणून मी दुसऱ्या टोकाला जाऊन असं म्हणत नाहीये की प्रभूच्या येण्याचा विचारच सोडून दे. खरं सांगू का, आपल्यातले बरेचजण त्या दुसऱ्या टोकालाच आहेत. मतांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण म्हणतो ना की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार, तोंडाने म्हणतो आणि मनात पुढच्या आठवड्याची कामं चालू असतात. प्रभुभोजनात तर पौल सरळ सांगतो की ही भाकर खाता आणि हा प्याला पिता तेव्हा तो येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करता, म्हणजे त्या टेबलाशी जातो तेव्हा प्रत्येक वेळी त्याच्या येण्याची आठवण होतेच, आपलं लक्ष नसतं इतकंच. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले थट्टेखोर विचारतात "कुठंय त्याचं येणं, सगळं तर पहिल्यासारखंच चाललंय", तसं आपण तोंडाने विचारत नाही पण जगतो तसंच. तेव्हा तुझी झोप उडाली हे मला अगदीच वाईट वाटत नाही, निदान तू ते खरं मानतोस. फक्त चुकीच्या गोष्टीने उडालीये.

आता मत्तय २५मधल्या त्या वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचं घे, पाच शहाण्या, दिव्याचं जास्तीचं तेल बरोबर घेतलेल्या, आणि पाच मूर्ख, न घेतलेल्या, कारण तुझी सगळी भीती त्याच गोष्टीतून येते हे मला माहितीये. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीये की त्यातलं एक वाक्य निसटूनच जातं, वराला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्याच डुलक्या घ्यायला लागल्या आणि झोपल्या. सगळ्याच! शहाण्या पाचसुद्धा. म्हणजे रात्रभर डोळे ताणून जागं राहणं ही काही तयारीची खूण नाही, आणि विनय, तू रात्री तीनला मोबाईल हातात धरून जागा असतोस ते जागृत राहणं नव्हे, ते नुसतं जागरण. शहाण्या झोपू शकल्या कारण त्यांचं तेल बरोबर होतं. तेल म्हणजे काय यावर मी आतापर्यंत किती संदेश ऐकले देव जाणे, कोणी म्हणतं पवित्र आत्मा, कोणी विश्वास, कोणी चांगली कृत्यं. मला वाटतं उत्तर गोष्टीच्या शेवटीच आहे. दार बंद झाल्यावर मूर्ख पाचजणी "प्रभूजी, दार उघडा" म्हणून ठोठावतात तेव्हा आतून काय येतं? उशीर केलात असं नाही, दिवे कुठायत असंही नाही. "मी तुम्हाला ओळखत नाही." संपलं. म्हणजे जी गोष्ट मध्यरात्री शेजारणीकडून उसनी घेता येत नाही ती ही ओळख. ती रोज थोडी थोडी होते, प्रार्थनेत, वचनात, त्याचं ऐकण्यात, आणि जे ऐकलं ते करण्यात, आणि आपल्या आईबापांची कितीही असली तरी ती आपल्या खात्यावर जमा होत नाही.

मग पुढचा प्रश्न, कोणाची ओळख? येणारा आहे तरी कोण? हे विचारायला आपण विसरतो बघ. व्हिडिओत नुसता आग, रक्त, घोडे. लूक १२ उघड, ३७वं वचन. धनी लग्नाहून परत येतो, नोकर जागे सापडतात, आणि मग धनी काय करतो? कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि स्वतः वाढतो! कुठला धनी असं करतो? मी हे वचन किती वर्षं नुसतं वाचून पुढे गेलो असेन कारण पुढची फटक्यांची वचनं जास्त लक्षात राहतात. न्याय आहेच, तो मी पुसून टाकत नाहीये, त्याच अध्यायात आहे, मारहाण करणारा, पिऊन पडणारा कारभारी आहे आणि त्याचं काय होतं तेही आहे. पण जो येणार आहे तो शिष्यांचे पाय धुणारा येशूच आहे, दुसरा कोणी नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात दोघे शुभ्र कपड्यातले सांगतात ना, "हाच येशू" तसाच परत येईल. आणि तेही कधी सांगतात, तर शिष्य आकाशाकडे टक लावून उभे असतात तेव्हा, जवळजवळ रागावूनच, आकाशाकडे काय बघत उभे राहिलात? मग ते खाली यरुशलेमेला येतात आणि माडीवर एकत्र प्रार्थनेला बसतात. तुझ्या त्या चॅनलवाल्यांना मी हेच विचारीन.

अजून एक, लूक २१:३४. प्रभू म्हणतो सांभाळा, नाहीतर तुमची मनं जड होतील आणि तो दिवस फासासारखा अचानक येईल. कशाने जड? गुंगी, दारूबाजी आणि संसाराच्या चिंता. एकाच रांगेत! आपण दारूवर तासभर बोलू पण चिंतेला कोणी त्या रांगेत धरत नाही, ती आपल्याला जबाबदारीसारखी वाटते. आणि तू जी शेवटच्या काळाचीच चिंता करतोयस तीसुद्धा तेच करतेय रे, मन जड. ज्या गोष्टीने तू त्या दिवसासाठी तयार व्हायचं म्हणतोस तीच तुला त्या दिवसासाठी बधिर करतेय, प्रार्थना होत नाही, कामात लक्ष नाही, मुलांवर चिडचिड, हे तूच लिहिलंयस.

थेस्सलनीकाची मंडळी साधारण याच फेऱ्यात होती. पौलाने त्यांना इसवी सन ५०-५१च्या सुमारास लिहिलं, म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या पत्रांपैकी ते एक. त्यांना काय खात होतं माहितीये? आपली जी माणसं मरून गेली त्यांचं काय, ती या सगळ्याला मुकणार का? पौल म्हणतो नाही, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण, आणि सगळे मिळून प्रभूबरोबर सदासर्वदा राहू, आणि शेवटी म्हणतो या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन! रॅप्चरचा, म्हणजे विश्वासणारे वर उचलले जाण्याचा, जो उतारा दाखवून तुला घाबरवतात तो मुळात शोक करणाऱ्यांचे डोळे पुसायला लिहिलाय. तुझ्या आईच्या वेळी तो वाचला होता, तुला आठवत असेल, तेव्हा तुला त्याची भीती नव्हती वाटली. आणि त्याच्या अगदी आधीची वचनं बघ, शांत राहा, आपापलं काम बघा, स्वतःच्या हातांनी कष्ट करा. लगेच त्याला लागूनच! दुसऱ्या पत्रात तर आणखी कडक, काहीजण काम सोडून नुसती लुडबुड करत फिरतात हे त्याच्या कानावर आलेलं, त्यांना सांगतो ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. म्हणून ते नोकरी सोडून पूर्णवेळ इशारे देत फिरायचं जे तुझ्या डोक्यात आलंय ना, त्यावर माझं मत विचारलंस तर नाही. स्पष्ट नाही. पाचारण वेगळं आणि घाबरून पळणं वेगळं, आणि तुझं आत्ताचं दुसरं आहे.

यावरून अब्राहम डॅव्हनपोर्टची गोष्ट आठवली. १९ मे १७८०ला अमेरिकेच्या ईशान्य भागात भरदिवसा अंधार झाला, दुपारी दिवे लावावे लागले, जंगलातल्या वणव्यांचा धूर होता हे आता म्हणतात पण तेव्हा लोकांना वाटलं न्यायाचा दिवस आला. कनेक्टिकटची सभा चालू होती, लोक म्हणाले तहकूब करा. त्या सभेत बसलेला डॅव्हनपोर्ट म्हणाला, न्यायाचा दिवस एकतर आलाय किंवा नाही आलेला, नसेल आला तर उठायचं कारण नाही, आणि आला असेल तर मी माझं कर्तव्य करताना सापडलेलं मला बरं, तेव्हा मेणबत्त्या आणा. आणि काम पुढे चालू. मला हा माणूस फार आवडतो.

मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तसा लोकांचा न्याय होतो त्या उताऱ्यातही बघ, भुकेल्यांना खाऊ घातलेले उजवीकडचे लोक चक्रावतात, "प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी बघितलं?" त्यांना माहीतच नाही! त्यांनी हिशोब ठेवलाच नव्हता. मग तुझ्या त्या "मला कसं कळणार" ला माझं उत्तर हे की कदाचित तसं मोजून कळणार नाही, आणि कळायची गरजही नसेल. सारखं स्वतःची नाडी धरून बसणारा दुसऱ्याच्या तहानेकडे कधी बघणार? तारण त्याने केलंय, तुझ्या तयारीने नाही. तयारी म्हणजे त्यानंतरचं जगणं.

पण एक गोष्ट मात्र तुला आत्ता, आज, चांगली कळतेय आणि तू तिच्याभोवती घिरट्या घालतोयस. दादा. आईनंतर घराच्या वाटणीवरून जे झालं ते झालं, चूक त्याची जास्त होती हे मीही मानतो, मी तिथे होतो. पण याकोब ५ वाच, प्रभूचं येणं जवळ आलंय म्हणून मनं स्थिर करा असं म्हणतो आणि पुढच्याच वचनात काय, एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका, न्यायाधीश दाराशी उभा आहे. याकोबाला प्रभूचं येणं म्हटल्यावर पहिलं काय सुचलं तर भावाभावातली कुरकुर. तुला सात शिक्क्यांचा क्रम तोंडपाठ आहे आणि सख्ख्या भावाचा नंबर ब्लॉक. रागावू नकोस, मी नाही बोलणार तर कोण बोलणार.

आणि हो, एकट्याने हे सगळं चघळत बसू नकोस. इब्रीकरांस पत्रात म्हटलंय की तो दिवस जवळ येताना दिसतो तसतसं एकत्र जमणं अधिकच करा, आणि तू बरोबर उलटं केलंस, मंडळीत येणं बंद आणि स्क्रीन चालू. बुधवारच्या प्रार्थनेला ये. कोणी काही विचारणार नाही, विचारलंच तर मी आहे. व्हिडिओ बंद कर असं मी म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, तर एवढंच कर, बघायच्या आधी १ थेस्सलनीकाकरांस एका बैठकीत पूर्ण वाच, पाचच अध्याय आहेत, आणि मग बघावंसं वाटलं तर बघ.

दादा पहिल्यांदा कदाचित फोन उचलणार नाही, किंवा उचलून जुनंच सगळं परत काढेल. काढू दे. तू घराचा विषय काढू नकोस, नुसती तब्येत विचार, वहिनीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ते तुला माहीतही नसेल. माफी मागायची की नाही ते बोलता बोलता तुझं तुलाच कळेल. झालं की मला सांग, आणि नाही झालं तरी सांग, मग मी त्याच्याशी बोलून बघतो, माझ्यावर तो अजून चिडलेला नाही.

तुझाच,
डेव्हिड