मोडेम घेऊ नकोस, आधी लाइन ऐक

पंचवटी, नाशिक
१२ जुलै २००१

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेटला जोडणारा नवा मोडेम आणायला रविवारी निघतोयस म्हणे. थांब, घेऊ नकोस. ‘इंटरनेट लागतं, पण आठ-दहा मिनिटांत तुटतं’ हे तू लिहिलेलं वाचलं आणि माझा अख्खा जून डोळ्यांसमोर आला.

ताईने अमेरिकेहून बाळाचा फोटो मेलवर पाठवला होता. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की आई माझ्यामागे खुर्ची ओढून बसायची. मोडेमची किरकिर थांबायची, फोटो वरून खाली हळूहळू उलगडायला लागायचा. टोपडं दिसायचं, कपाळ दिसायचं आणि लाइन जायची. सलग तीन दिवस आईने नातवाचं नुसतं कपाळ पाहिलं रे. फार वाईट वाटायचं.

मग मी मोडेमचे ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकले, विंडोज ९८ नव्याने घातलं. काडीचा फरक नाही. खरं तर मोडेमच मेला असता तर कंट्रोल पॅनलमधल्या डायग्नॉस्टिक्सला त्याने उत्तरच दिलं नसतं. ती तपासणीही तू करून बघ. एरर ६८० म्हणजे डायल टोन (रिसीव्हर उचलल्यावर येणारा आवाज) नाही, ६७६ म्हणजे नंबर एंगेज, ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्डची चूक. तुझ्याकडे यातलं काहीच येत नाही. जोडणी होऊन तुटते, म्हणून माझा संशय लाइनवरच आहे.

एक कर. रिसीव्हर उचल आणि एकच आकडा दाब. डायल टोन थांबेल. त्यानंतर काही क्षण लाइनवर चिडीचूप असायला हवं. माझ्याकडे तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी चरचर होती. बोलताना ती आपल्याला खुपत नाही, अर्धा शब्द ऐकून पुढचं कळतं. मोडेमला ते जमत नाही. टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच आवाज जातो आणि त्याला सगळं तेवढ्यात कोंबायचं असतं. चरचर वाढली की तो आधी वेग उतरवतो, मग लाइन सोडतो.

मागच्या खोलीतला रोझेट, म्हणजे टेलिफोनची तार जिथे जोडतात ती भिंतीवरची डबी, उघडला. आमच्या वाड्याची ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. स्क्रूखालची तांब्याची तार हिरवीगार पडलेली, बोट लावताच भुगा झाला. खराब टोक कापलं, तार नव्याने सोलली, स्क्रू घट्ट पिळले. हात कोरडे ठेव, कारण त्याच वेळी फोन वाजला तर चांगला झटका बसतो. माजघरातल्या जादा फोनची वायरही मी काढून टाकली. आधी सेकंदाला २६,४०० बिट्सना जोडणी व्हायची, आता ४४,०००ला होते. (तुझ्याकडे १,१५,२०० दिसत असेल तर तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग, लाइनचा नव्हे.)

घरातल्या सगळ्या वायरी सोडवून, रोझेटवर थेट फोन लावूनही चरचर राहिली, तर दोष बाहेरच्या तारेत आहे. मग तक्रार नोंदव आणि लाइनमनला तो आवाज स्वतः ऐकवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस.

आईने परवा फोटो पुरता पाहिला. बाळाच्या हनुवटीला ताईसारखीच खळी आहे.

काका-काकूंना नमस्कार. आकडा दाबून काय ऐकू आलं ते लगेच कळव.

तुझाच

ता. क. विजा कडाडायला लागल्या की कॉम्प्युटरची पिन काढून भागत नाही, मोडेममधली टेलिफोनची वायरही काढून ठेव.