प्राथमिक शिक्षकांच्या जागतिक न्याय व आंतरसांस्कृतिक समज शिबिरासाठी मदतीचे आवाहन

सर्व सभासद, देणगीदार, माजी शिबिरार्थी आणि हितचिंतक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले शिबिर येत्या सुट्टीत ठरले आहे. ठरले आहे म्हणजे कार्यकारिणीने ठराव केला आहे. पैशांचे अजून ठरायचे आहे. नावनोंदणी सुरू होताच दोन्ही तुकड्या भरल्या, प्रतीक्षायादी वाढतेच आहे आणि आमचे खजिनदार बैठकीत बोलायचे सोडून नुसते माझ्याकडे बघत बसतात. म्हणून हे पत्र जरा घाईत लिहीत आहे.

आपल्या कामाची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. पण ज्यांच्या जिवावर ते उभे राहिले त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या शिबिराला जागा मिळेना तेव्हा निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी घराची पुढची खोली रिकामी करून दिली आणि तीन दिवस स्वतः स्वयंपाकघरात बसून वाचन केले. कृतिपुस्तिकेची पहिली आवृत्ती आपल्या छापखानेवाल्या काकांनी छापली. कागदाचे तेवढे घेतले, जुळणीची मजुरी मागितली नाही आणि वर शुद्धलेखनाच्या चुका काढून आमची लाजही राखली. दिवंगत ग्रंथपालांच्या कुटुंबीयांनी त्यांचा नकाशांचा आणि देशोदेशीच्या बालसाहित्याचा संग्रह आपल्याकडे सोपवला. त्यातली चित्रे शिबिरात अजून फिरतात, कोपरे झिजले आहेत इतकेच. आणि माजी शिबिरार्थी! वर्गात काय जमले, काय फसले हे कळवणारी त्यांची पत्रे नसती तर पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघालीच नसती.

दरवर्षी कोणीतरी विचारते, एवढ्याशा मुलांना जगातला न्याय-अन्याय कशाला? कागदोपत्री उत्तर हवे असेल तर १९८९ च्या बालहक्क संहितेचे २९ वे कलम वाचावे. मुलाला समजूत, शांतता, सहिष्णुता आणि सर्व लोकांशी मैत्री या भावनेने जगायला तयार करणे हा शिक्षणाचा उद्देश तिथे स्पष्ट लिहिला आहे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले ४.७ हे लक्ष्य तेच सांगते आणि मुदत देते २०३० ची. युनेस्कोने याविषयीची आपली १९७४ ची शिफारस २०२३ मध्ये नव्याने लिहून काढली. कागद भरपूर झाले. वर्गात मात्र वाटणी चुकली तर सहा वर्षांचे मूल सगळी खोली डोक्यावर घेते, त्याला न्याय कळतो की नाही हा प्रश्नच नाही. ती जाण आपल्या बाकाच्या पलीकडे कशी न्यायची, हे शिक्षकाला कोणी शिकवलेले नसते.

न शिकवता सांगितले की काय होते तेही आपण पाहतो. एक दिवस देशोदेशीचे पोशाख, झेंडे, समूहगीत, छायाचित्रे. किंवा दुष्काळातल्या मुलाचे चित्र आणि त्याखाली मदतपेटी. मुले घरी जाताना एवढेच घेऊन जातात की ते लोक गमतीचे आहेत, नाहीतर बिचारे आहेत. शिक्षकांच्या हेतूत खोट नसते. तयारी नसते.

म्हणून आपला पहिला दिवस मुलांवर नाही, शिक्षकांवरच खर्च होतो. भिंतीवर नकाशाकार मर्केटरचा जगाचा नकाशा, मूळ १५६९ चा, दर्यावर्दींच्या सोयीसाठी काढलेला, शेजारी पृथ्वीगोल. नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. गोलावर पातळ कागद ठेवून दोन्ही आकार गिरवले की कळते, आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. वर्षानुवर्षे भूगोल शिकवणारी माणसे तो कागद उलटसुलट करून पाहतात. मग आफ्रिका म्हटल्यावर सुचलेले पाच शब्द लिहायला सांगतो. सिंह, जंगल, भूक येतात. ५४ देशांच्या त्या खंडातले विद्यापीठ किंवा गजबजलेले शहर क्वचितच कोणी लिहिते.

दुसऱ्या दिवशी व्यापाराचा खेळ. काही गटांकडे कागदांचे गठ्ठे पण कात्री एकही नाही, एका गटाकडे कात्री, पट्टी, कर्कटक सगळे आणि कागद दोनच. आकार कापून 'बाजारात' विकायचे. थोड्या वेळाने आवाज चढतात, कोणी उधारीवर कात्री आणतो, कोणी चोरतो, एका वर्षी तर एका गटाने चक्क संप केला. खेळ कोणीही घेईल. नंतरची चर्चा घेता येणे हे खरे कसब. तिथून कोकोकडे जातो. जगातले निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येते, तरी चॉकलेटच्या किमतीतला शेतकऱ्याचा वाटा अगदी थोडा. मग मदतपेटीपेक्षा वेगळे प्रश्न निघू लागतात : भाव कोण ठरवतो, त्याला विचारायचे कोणी.

तिसरा दिवस वर्गातल्याच वेगळेपणाचा. निरनिराळ्या घरांतली मुले एका बाकावर बसवली की आपोआप मैत्री होते, हा आपल्याकडचा लाडका समज. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते की समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तर पूर्वग्रह कमी होण्याची शक्यता वाढते. १९७१ मध्ये दुसरे मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाकडे एकेक दिला. एकमेकांचे ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नाही. ही पद्धत आपले शिक्षक गणितातसुद्धा वापरतात.

आता जरा मनातले. गेल्या वर्षी समारोपाला सभागृह भरले होते, भाषणे झाली, टाळ्या पडल्या. नंतर पाठवलेल्या आवाहनाला उत्तर आले ते नेहमीच्याच घरांतून. ज्या शाळांचे शिक्षक आपण विनाशुल्क तयार केले, त्यांतल्या काहींनी साधी पोचही दिली नाही. तक्रार करायची नव्हती, पण लिहून झाले, आता खोडत नाही.

गरज अशी : पुस्तिकेची तिसरी आवृत्ती (हस्तलिखित तयार), पृथ्वीगोल व समक्षेत्र (देशांचे क्षेत्रफळ खऱ्या प्रमाणात दाखवणारे) नकाशे, बाहेरगावच्या शिक्षकांचा प्रवास व राहण्याची सोय, एकशिक्षकी शाळेतल्यांना नंतर वर्षभर भेटी देणारे दोन मार्गदर्शक. रोख, धनादेश वा वस्तू काहीही चालेल. धनादेश संस्थेच्या नावे, पावती कार्यालयातून न विसरता घ्यावी. कार्यालय संध्याकाळी उघडे असते, रविवारी बंद. पैसे जमत नसतील त्यांनी एखाद्या शिबिरार्थीला घरी उतरवून घ्यावे किंवा दुसरी भाषा येत असल्यास चित्रकथांच्या भाषांतराला बसावे. महिनाअखेर कळवावे, छपाई त्यावर अडली आहे.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : व्यापाराच्या खेळाच्या तीन कात्र्या आणि एक कर्कटक गेल्या शिबिरापासून सापडत नाहीत. ज्यांच्या पिशवीत गेले असतील त्यांनी कार्यालयात आणून द्यावेत, कोणी काही विचारणार नाही.