पडलेला उमेदवार खोटारडा कसा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ग्रामपंचायत निवडणुकीतल्या आश्वासनांवर आपल्याकडे एक पत्र छापून आले. पत्रलेखकाने निवडून आलेले आणि पडलेले, दोघांनाही एकाच दावणीला बांधून ‘खोटारडे’ म्हटले आहे. हे काही मला पटले नाही.

‘निवडून आलो तर पांदण रस्ता करून देतो,’ असे आमच्या वॉर्डात दोघांनी सांगितले होते. एक आला, एक पडला. पांदण अजून तशीच. पावसाळ्यात बंडीचे चाक आखापर्यंत रुतते. आलेल्याचा शब्द खोटा ठरला, यात वाद नाही. पडलेल्याचा कसा ठरला? त्याची अटच पूर्ण झाली नाही. उद्या त्याने पदरमोड करून मुरूम टाकला, तरीही त्याचा शब्द खोटा ठरत नाही. ‘पडलो तर करणार नाही,’ असे तो कुठे म्हणाला होता?

मी कापूस खरेदीच्या काट्यावर मापारी आहे. हा घोळ तिथे हंगामभर ऐकतो. फाटकावर पाटी आहे: ‘ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास गाडी परत जाईल.’ एका कास्तकाराच्या कापसाचा ओलावा १० भरला, पण कवडी (खराब कापूस) जास्त निघाली म्हणून ग्रेडरने गाडी परत केली. तो पाटीवर हात आपटून म्हणे, “हे पाटीच लबाड हाय!” त्याची चीड समजते, गाडीभाडे अंगावर पडले होते. पण १२ च्या आतल्या गाडीबद्दल पाटी काहीच बोलत नाही. ती खोटी पाडायची तर एकच पुरावा चालेल, १२ च्या वरची गाडी आत घेतल्याचा. (तसा पुरावा सापडेलच असे मी म्हणत नाही. सापडणार नाही, असेही म्हणत नाही.)

बारावीच्या गणितात तर्कशास्त्राच्या धड्यात हेच आहे. पोरगी ‘जर-तर’ विधानाची सत्यतासारणी (विधान कधी खरे, कधी खोटे याचा तक्ता) पाठ करत होती: पूर्वांग (‘जर’चा भाग) सत्य आणि उत्तरांग (‘तर’चा भाग) असत्य, त्या एका ओळीत ‘असत्य’, बाकी तिन्ही ओळींत ‘सत्य’. शेवटच्या दोन ओळी तिला पटेनात. अट खोटी, तरी अख्खे विधान खरे, हे कसे काय? मलाही ते जड जाते. कारण मग पडलेला उमेदवार ‘निवडून आलो तर रस्ता करणार नाही’ म्हणाला असता, तर सारणीत तेही खरेच! म्हणजे तिथल्या ‘सत्य’चा अर्थ एवढाच, की शब्द मोडला गेला नाही. गडी खरोखर रस्ता करणार होता का, हे सारणीला विचारू नये.

वाद जुनाच आहे. सुमारे २३०० वर्षांपूर्वी फिलो नावाच्या ग्रीक तर्कपंडिताने हाच नियम मांडला. त्याचे गुरू डायोडोरस यांना तो मान्य नव्हता. कॅलिमॅकस नावाच्या ग्रीक कवीने तर थट्टाच केली, की आता छपरावरचे कावळेसुद्धा कोणते जर-तर खरे यावर काव काव करताहेत.

विनंती एवढीच, की ‘आश्वासन खोटे निघाले’ असे छापाल तेव्हा अट पूर्ण झाली होती का, हेही त्याच बातमीत छापा. आमच्या वॉर्डापुरते म्हणाल, तर निवडून आलेल्याचे नाव ठळक अक्षरात टाकायला माझी हरकत नाही.

आपला,
एक मापारी, जि. यवतमाळ
(माझे नाव मात्र छापू नये.)