दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर कुठं जायचं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : मराठवाड्यात तालुक्याच्या गावी दारूमुक्तीच्या मीटिंगसाठी खोली आणि पाटी मिळणेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी गोदाकाठचा शेतकरी. धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून घरं जे जे करतात ते ते आम्ही केलं. नवस बोललो, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घेववली, माळ घातली. माळेला मी नावं ठेवणार नाही, माळेनं सुटलेली माणसं आमच्या गावात आहेत. भावाची सुटली नाही. शेवटी सरकारी दवाखान्यात भरती केलं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टरच लागतो. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी त्याला नीट सांभाळलं.

माझी तक्रार सुट्टीच्या कागदाची आहे. त्यावर गोळ्या लिहिल्या होत्या आणि पुन्हा दाखवायची तारीख होती. तोवर रोज संध्याकाळी, ज्या वेळेला पाय आपोआप गुत्त्याकडं वळतात त्या वेळेला, माणसानं कुठं बसायचं हे त्यावर नव्हतं.

ते आम्हाला पुढं कळलं, तेही ऐकीव. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. फी नाही, पिणं सोडायची इच्छा एवढीच अट. पत्ता मिळाला तो जिल्ह्याच्या गावचा, एका शाळेचा. तिथं गेलो तर वॉचमन म्हणाला, ते लोक कधीच गेले, संस्थेनं खोली काढून घेतली.

परत येताना बसस्थानकावर थांबलो होतो. मुतारीच्या भिंतीवर जाहिरात होती, ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’, खाली मोबाइल नंबर. ही पूड चहातून द्यायची असते, आत काय आहे ते कुणी सांगत नाही. दारू पिऊ नये म्हणून डॉक्टर जी गोळी देतात, तीसुद्धा नकळत दिली आणि वरून माणूस प्याला, तर जिवाशी खेळ होतो. समोर रस्त्यापलीकडं देशीच्या दुकानावर ‘सरकारमान्य’ अशी भलीमोठी पाटी. मीटिंगचा पत्ता तेवढा कुठंच नव्हता. एए स्वतःचा गाजावाजा करत नाही, तो त्यांचा नियमच आहे. मग पत्ता सांगायचं काम दवाखान्यानं करायला नको का?

मीटिंग शेवटी सापडली, दुसऱ्याच शाळेत. तिसरीचा वर्ग, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, आणि लेकरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसलेले बाप्ये. एक ड्रायव्हर, एक मास्तर, एक हमाल. ती खुली मीटिंग होती म्हणून मलाही बसू दिलं. ज्याची पाळी आली तो पहिलं नाव सांगून बोलायचा, बाकीचे मधे तोंड घालत नव्हते. आमच्याकडं पारावर दोन मिनिटं कुणी कुणाला बोलू देत नाही, म्हणून मला त्याचं फार नवल वाटलं. शेवटी डबा फिरला, कुणी दहा टाकले, कुणी वीस. नव्या माणसाकडून घेतले नाहीत. त्या रात्री भाऊ बऱ्याच दिवसांनी बोलला, बसमध्ये, ते सगळं इथं लिहिणार नाही.

बस मिळाली म्हणून ठीक. मीटिंग आठला संपते आणि आमच्याकडची शेवटची एसटी सव्वाआठची. तीही वेळेवर येते असं नाही.

महोदय, आपल्याच केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत दिसलं, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. 14446 ही हेल्पलाइन आहे, ती वापरावीच. पण फोन ठेवला की पुन्हा माणूस एकटाच.

मी निधी मागत नाही. दिला तरी एएवाले घेणार नाहीत, बाहेरचा पैसा ते घेतच नाहीत. ग्रामीण रुग्णालयात नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली द्या, आणि परवडेल असं भाडं लावा. ते डब्यातून भरतील. संस्थाचालक बदलला म्हणून ती खोली जाऊ नये, एवढं बघा. वेळ शेवटच्या एसटीच्या आधीची हवी. केसपेपरच्या खिडकीजवळ वार, वेळ आणि जागा मराठीत लिहून लावा, आणि तीच ओळ सुट्टीच्या कागदावर छापा.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी मीटिंग असते. ती दुपारची ठेवा. आमच्या भावजयीला रात्री आठ वाजता कोण बाहेर पडू देणार?

आणि हात जोडून एक विनंती. एकदा खोली सरकारी झाली की कुणी तरी साहेब लाभार्थ्यांची यादी मागेल, आधार मागेल, बॅनर लावून फोटो काढायला लावेल. हे झालं तर दुसऱ्या आठवड्यात वर्ग रिकामा. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथं माणूस येतो तो नाव विचारत नाहीत म्हणूनच. तेव्हा हजेरी नको, उद्घाटनही नको.

याला नवी योजना लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांना एक परिपत्रक गेलं तरी भागेल, आणि ते दिवाळीआधी गेलं तर बरं. दिवाळीनंतर आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, मग पाटी वाचायला गावात माणूसच उरत नाही.

आपला,
एका सभासदाचा थोरला भाऊ