उजनीच्या पाण्यावरून आल्यावर

सोलापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा टेंभुर्णीला बारशाला गेलो होतो, तिथून पुढं करमाळ्याच्या बाजूला उजनीचं पाणीही पाहून आलो. मोहोळपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी, कणसं हुरड्याला आलेली. पुढं कालव्याचं पाणी पोचलेल्या शिवारात नजर जाईल तिथवर ऊस. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, उसाला तर दीड-दोन हजार लागतो. १९८० साली धरण पुरं झालं म्हणून हे जमलं, आणि आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात आहेत.

पाणी मात्र बघत राहावं असं. रोहित पक्ष्यांचा थवा उठला की पाण्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखी दिसते. पुण्याच्या गाड्या, मोठाले कॅमेरे, सगळी मंडळी खुशीत. आमचा नाववाला सहज म्हणाला, "आज्याचं रान हितंच खाली हाय." भरपाईतून मिळालेली जमीन कोरडवाहू, म्हणून तो मासे धरतो आणि हंगामात पाहुणे फिरवतो. मला पुढं काही बोलवेना.

परतताना एसटी बंद पडली, तेव्हा शेजारच्या फडात उतरलो. बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी होती, पाचटाच्या कोप्या, म्हणजे खोपटं, रस्त्यालगतच. नवराबायको दोघांत एक कोयता धरून मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, आणि ती फिटेपर्यंत पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणी, रात्री-अपरात्री ट्रॉली आली की भरणी. एक बाई पाण्याचा हंडा घेऊन दूरच्या विहिरीवरून येत होती. कालवा हाकेच्या अंतरावर, पण त्याचं पाणी पिण्याजोगं नाही म्हणाली. कोपीपाशी आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन चूल फुंकत होती. शाळेचं विचारलं तर तिनं आईकडं पाहिलं.

घरी आलो तर नळाला आजही पाणी नव्हतं, चार दिवस झाले. शहराला पाणी त्याच उजनीचं. समोरच्या चाळीतल्या बायका विड्या वळत पाण्याची वाट बघत बसलेल्या.

मनू, तू सिंचनाचं शिकतेस. ठिबकनं उसाचं किती पाणी वाचतं, हे मला आकड्यांनिशी समजावून सांग. आणि गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढ. त्या फडाजवळ तोडणीवाल्यांच्या पोरांची साखरशाळा भरते का, याची मी चौकशी लावली आहे. भरत नसेल तर कारखान्यावर जाऊन बोलायचंय, तू बरोबर असलीस तर बरं.

तुझा,
अप्पा